खुणा शेवटच्या संघाने पुसायच्या

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शिक्षण संस्थेचे आधारवड (हा शब्द सूत्रसंचालकांनी वापरला, म्हणून मीही वापरते), आदरणीय ॲडव्होकेट मोरोपंत पिंपळखुटे साहेब, वेळात वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या, स्काऊट-गाईडच्या जिल्हा संघटक रागिणीताई, आपले मुख्याध्यापक सर, शिक्षक-शिक्षकेतर बंधुभगिनींनो, कामधंदा टाकून आलेल्या पालकांनो, आणि ज्यांना सगळ्यात शेवटच्या रांगेत बसवलं आहे पण ज्यांच्यासाठी मी आज बोलणार आहे, त्या माझ्या गाईडच्या मुलींनो. सर्वांना संध्या गावंडेचा नमस्कार. मुलींना आपलं नेहमीचं डाव्या हाताचं हस्तांदोलन. ते इतक्या लांबून होत नाही, तेव्हा शेवटासाठी राखून ठेवते.

मघापासून माझं फार कौतुक झालं. मी शिस्तप्रिय आहे, मनमिळाऊ आहे, मितभाषी आहे असं कळलं. मितभाषी म्हटल्यावर स्टाफरूमच्या बाजूने जो हशा आला, तो मी ऐकला आहे. आपल्या वऱ्हाडात माणसाच्या तोंडावर कोणी गोड बोलत नाही. बोलायला लागलेच तर समजायचं की आता आपली निघायची वेळ झाली. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, गळ्यात एवढा मोठा हार पडला. या सगळ्याबद्दल मी मनापासून आभारी आहे आणि हे आभार अगदी खरे आहेत. पुढे मी जे बोलणार आहे त्यामुळे ते खोटे समजू नका.

कार्यक्रमाच्या आधी ऑफिसात चहा झाला. तिथे अध्यक्षसाहेब अतिशय मायेने मला म्हणाले, की बाई, शेवटचा दिवस आहे, कटुता कशाला ठेवता? भाषणात त्या निसर्ग दिवसाबद्दल दिलगिरीची दोन वाक्यं बोलून टाका. विषय मिटेल. दीक्षाच्या पट्ट्याही परत देऊ.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गाईडमध्ये मुलींचे छोटे छोटे संघ असतात. प्रत्येक संघाची एक नायिका असते आणि तिच्या खिशावर दोन पट्ट्या असतात. कापडाच्याच. नववीतल्या दीक्षाच्या खिशावरच्या त्या पट्ट्या या शाळेने काढून घेतल्या, त्याला आता वर्ष होत आलं. दोन वाक्यांत त्या परत मिळत असतील तर सौदा वाईट नाही, असं तुम्हाला वाटेल. मलाही क्षणभर वाटलं. साहेबांना मी म्हणाले, माइकसमोर गेल्यावर बघते. तर आता मी माइकसमोर आहे. ती दोन वाक्यं मी बोलणार आहे, साहेब, काळजी करू नका. पण शेवटी बोलीन. आधी या सभागृहाला काय झालं ते कळू द्या, कारण आजपर्यंत ते सगळ्यांनी सांगितलं, फक्त आम्हाला कोणी सांगू दिलं नाही.

दर वर्षी फेब्रुवारीत, आमच्या चिंतन दिनाच्या आसपास, मी मुलींना निसर्ग दिवस म्हणून दिवसभरासाठी बाहेर नेत आले. परतवाड्याच्या पुढे, डोंगर सुरू होतो तिथे, नाल्याकाठी. आत नाही बरं का. वाघाच्या घरात आम्ही कधी शिरलो नाही, आम्ही त्याच्या अंगणाच्याही अलीकडे होतो. वनखात्याची रीतसर परवानगी. आधी मी स्वतः जाऊन ती वाट चालून यायचे. पाणी कुठे आहे, सावली कुठे आहे, मधमाश्यांचं पोळं कुठे आहे, दवाखाना किती दूर आहे, हे सगळं बघायचे. अडीअडचणीला एक जीप नाक्यावर थांबवून ठेवायची. प्रत्येकीच्या गळ्यात शिटी. मोबाइल बंद करून माझ्या पिशवीत. ही तयारी करता करता माझा एक अख्खा महिना जायचा आणि घरचे म्हणायचे की पोरीचं लग्न असतं तरी एवढी धावपळ केली नसतीस.

आणि सगळ्यात कठीण काम कोणतं असेल? दोरी बांधणं नाही, चूल पेटवणं नाही. आयांना समजावणं. सांगून ठेवायचं, की ताई, एक डबा द्या, फक्त एक. तर पोरगी येते ती खांद्याला दोन पिशव्या लावून. एकीत पुऱ्या, एकीत चिवडा, वरून शेवेचे लाडू, आणि लोणच्याची बाटली फुटलेली. एका वर्षी एका माउलीने पंखा पाठवला होता, बॅटरीचा. मी म्हटलं, पोरगी झाडाखाली बसणार आहे हो. ती म्हणाली, म्याडम, झाडाचा काय भरवसा?

हसा, हसा. पण बघा, त्या माउलीचं तरी काय चुकलं? आपल्या अमरावतीची पोरगी घरून ट्यूशनले जाते, ट्यूशनातून घरी येते. मधल्या रस्त्यात तिच्या तोंडाले स्कार्फ. झाड तिने पाहिलं असेल ते स्कूटीवरून. माझे वडील नत्थुजी गावंडे अकोल्याकडचे, काळ्या मातीतले. लग्न झालं तरी मी गावंडेच राहिले, त्यावरूनही बरीच चर्चा झाली होती, ते असो. मी सहावीत असताना वडील मला भाकरी घेऊन एकटीला शेतात पाठवायचे. मधे नाला, मधे दोन कुत्रे, मधे एक चिडका बैल. आईने म्हणावं, काहून पाठवता पोरीले एकटी? तर ते म्हणायचे, तिले रस्ता माहीत हाय. एवढंच. माझ्याबद्दल आयुष्यात पुष्कळांनी चांगलं लिहून दिलं, पण त्याहून मोठं प्रशस्तिपत्र मला मिळालं नाही. मुलींना बाहेर नेण्यामागे माझा दुसरा काही उद्देश नव्हता. प्रत्येकीबद्दल कोणीतरी असं म्हणावं, एवढंच.

तर त्या दिवसाकडे येते.

आमचा त्या दिवशीचा मुख्य खेळ होता मागकाढ. पहिला संघ पुढे निघतो आणि वाटेवर खुणा ठेवत जातो. दगडांचा बाण म्हणजे इकडून या. दोन काड्यांची फुली म्हणजे इकडून येऊ नका. मागचे संघ थोड्या थोड्या अंतराने त्या खुणा वाचत येतात. आणि जो संघ सगळ्यात शेवटी असतो, त्याने त्या सगळ्या खुणा पुसत यायचं. दगड जागच्या जागी, काड्या बाजूला. आपण आलो होतो हे रानाला कळू नये, असा गाईडचा नियम आहे. आम्ही गेल्यावर तिथे चिवड्याची पुडीसुद्धा सापडत नाही. चिखलदऱ्याला सहली जातात त्यांनी मागे काय काय सोडलेलं असतं ते मी या व्यासपीठावरून सांगत नाही.

तीन संघ होते. बाकीच्या शाळांत संघांना गुलाब, कमळ अशी नावं असतात. माझ्या मुलींची नावं पळस, तरोटा आणि गोकर्ण. तरोटा नाव ठेवलं तेव्हा मुख्याध्यापक सर म्हणाले होते, बाई, हे तण आहे. मी म्हटलं, सर, उपटलं तरी पुन्हा उगवतं, म्हणूनच ठेवलं. पळस पुढे, तरोटा मधे, गोकर्ण शेवटी. दीक्षा तरोट्याची नायिका.

अर्ध्या वाटेवर तरोटा संघातल्या प्रणालीच्या बुटाचा तळवा निघाला. प्रणाली म्हणजे आमच्यात सगळ्यात लहान, पाचवीतली. दीक्षाने सगळ्यांना नाल्याच्या काठाखाली सावलीत उतरवलं, प्रथमोपचाराच्या पेटीतली पट्टी काढली आणि बूट पायाला बांधला. सपाट गाठ मारून. मी शिकवली होती तशीच. तेवढ्यात वरून गोकर्ण संघ निघून गेला. काठाखाली कोणी बसलं आहे हे त्यांना दिसलं नाही. तरोटा पुढे गेला असेल असं समजून त्या चालत राहिल्या आणि शेवटच्या संघाचं कर्तव्य म्हणून एकेक खूण पुसत गेल्या. आणि पोट्ट्यांनी ते काम इतकं मन लावून केलं म्हणता! दगड नुसते हलवले नाहीत, खालची ओली बाजू पुन्हा खाली करून ठेवली. वरून पानं पसरली. परीक्षक असते तर पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते.

तरोटा वर आला तर समोर तीन वाटा, आणि एकही खूण नाही.

आता मला सांगा, यात चूक कोणाची? बूट बांधणाऱ्यांची? नियम पाळणाऱ्यांची? नंतर चौकशी समितीने मला विचारलं की खुणा पुसणारी मुलगी कोण, नाव द्या. मी दिलं नाही. आज सेवेचा शेवटचा दिवस आहे, आजही देत नाही. तिला जे काम सांगितलं होतं ते तिने चोख केलं. तिचं नाव कधी द्यायचंच झालं तर शाबासकीसाठी देईन.

मी पुढे, खेळ संपतो त्या जागी होते. पळस आला, गोकर्ण आला, तरोटा नाही. त्या क्षणी माझं काय झालं ते मी लपवणार नाही. दुसऱ्याच्या लेकी आहेत, संध्या, असं कोणीतरी कानात बोलत होतं. दोन्ही संघांना माझ्या सहकारी बाईंजवळ बसवलं आणि शिटी वाजवत मी उलट निघाले. वारा माझ्याकडून त्यांच्याकडे नव्हता, त्यांच्याकडून माझ्याकडे नव्हता, आडवा होता. शिटीचा आवाज कुठे जात होता देव जाणे.

त्या तीन वाटांपाशी पोचले आणि थांबले. कारण जमिनीवर एक बाण होता. ताजा. दगड मोठ्यापासून लहानापर्यंत नीट लावलेले, आणि टोकाला तरोट्याच्या वाळक्या शेंगा ठेवलेल्या, म्हणजे कोण गेलं ते कळावं. मी तिथेच मटकन बसले. रडले. नंतर तोंड पुसलं आणि बाणाच्या दिशेने चालू लागले.

काय झालं होतं? मी मुलींना एकच धडा घोकून घेतला आहे. वाट चुकली असं वाटलं की पळायचं नाही. बसायचं, पाणी प्यायचं, शिटी वाजवायची, एकीला सोडून दुसरीने जायचं नाही. दीक्षाने तसंच केलं. सगळ्यांना सावलीत बसवलं. बराच वेळ गेला. मग मैनाबाई नावाची एक कोरकू बाई बकऱ्या घेऊन तिथून निघाली. तिची वस्ती जवळच, पाणी तिथे. ती म्हणाली चला. दीक्षाने आधी पोरींचं मत घेतलं, मग बाण लावला, आणि मगच जागा सोडली. वस्तीत जाईपर्यंत वाटेवर प्रत्येक वळणावर बाण. मी पोचले तेव्हा आमच्या या पोरी मोहाच्या झाडाखाली बसून मैनाबाईची भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा खाऊन राहिल्या होत्या. मैनाबाई मात्र वैतागलेली, कारण प्रणालीने तिची एक बकरी खुंटीगाठ मारून इतकी पक्की बांधली होती की ती आता कोणालाच सोडवता येईना. मला बघून प्रणाली म्हणाली, म्याडम, लय टाइम लागला तुमाले.

ती रडली होती का? हो, रडली होती. दीक्षाने तिला रडू दिलं आणि मग काम दिलं. त्या कामाचं नाव बकरी.

एवढंच झालं. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण आम्ही वस्तीतून बसपर्यंत येईपर्यंत आमच्या बसवाल्याने कोणाला तरी फोन केला होता, त्या कोणीतरी आणखी कोणाला. परतवाडा स्टँडच्या अलीकडे बस पोचली तेव्हा बातमी आमच्या आधी अमरावतीत पोचली होती. मेळघाटात विद्यार्थिनी बेपत्ता. वर वाघाचा फोटो. डरकाळी फोडणारा. आम्ही दिवसभरात दोन मुंगूस आणि एक घोरपड पाहिली होती. बातमीत वाघ आहे म्हटल्यावर मुलींना फार हळहळ वाटली, की आपल्याला कसा दिसला नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. समिती बसली. मोठ्या टेबलाच्या पलीकडे चार मोठी माणसं, अलीकडे दीक्षा आणि तिची आई. दीक्षाची आई जमुनाताई बडनेऱ्याला रेल्वेत आहेत, रुळांच्या देखभालीच्या गँगमध्ये. ड्यूटीवरून थेट आल्या होत्या, नारिंगी जाकीट घालून. समितीने आधी त्यांनाच विचारलं की तुमची शाळेविरुद्ध काही तक्रार आहे का. त्या म्हणाल्या, नाही. तक्रार नाही म्हटल्यावर समितीची जरा पंचाईत झाली. मग दीक्षाला विचारलं. प्रश्न कोणी विचारला ते मी सांगत नाही, पण विचारणाऱ्याच्या गळ्यातही आज हार आहे. प्रश्न असा होता, की बेटा, तू हरवलीस तेव्हा तुला आपली चूक कळली का?

ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मी हरवली नोती. मी कुठी हाओ ते मले माहीत होतं. तुमाले माहीत नोतं."

या वाक्यावर तिच्या पट्ट्या गेल्या. उर्मट उत्तर, नायिकापदाला न शोभणारं वर्तन. बूट बांधला त्याचं काही नाही. बाण लावले त्याचं नाही. पाचवीतली पोर सांभाळून आणली त्याचं नाही. एका वाक्याचं सगळ्यांना वाईट वाटलं. मी तेव्हा खूप बोलले, पण चौकशी चालू असताना संबंधित शिक्षिकेने बोलू नये असं मला सांगण्यात आलं. शिस्तप्रिय म्हणून माझी ख्याती आहेच.

आणि आता एक विचारते, राग मानू नका. आपल्या शाळेत स्काऊटही आहेत. मुलांचं शिबिर होतं, तंबू ठोकून, दोन मुक्काम. तीन वर्षांपूर्वी आपला नितेश शिबिरात नाल्यात पडला. का पडला? उडी मारता येते का हे मित्रांना दाखवत होता. हात मोडला. चौकशी बसली का? शिबिर बंद झालं का? अहो, याच सभागृहात टाळ्या वाजवून त्याला व्यासपीठावर बोलावलं. मर्दाचं पोट्टं म्हणून पाठ थोपटली. त्याच्या प्लास्टरवर सगळ्या शिक्षकांनी सह्या केल्या, त्यात माझीही आहे. नितेश बेटा, तू तिकडे बसला आहेस, लाजू नको, तुझा काही दोष नाही. तुझा हात मोडला ते साहस झालं. आणि आमच्या पोरी धड हातापायांनी घरी आल्या, तर तो निष्काळजीपणा झाला. हे गणित मला समजावून देईल असा गणिताचा शिक्षक या शाळेत कोणी आहे का?

नाही ना? बरं.

मग ठराव झाला. यापुढे मुलींचा निसर्ग दिवस शाळेच्या आवारात, सुरक्षित वातावरणात साजरा व्हावा. ऑगस्टमध्ये तो याच सभागृहात झाला. तुम्ही बरेच जण हजर होता. भिंतींना प्लास्टिकच्या वेली लावल्या होत्या. पडद्यावर धबधबा. स्पीकरवर कोकीळ, तो पावसाळ्यात ओरडत नाही, पण ते जाऊ द्या. मुलींना खुर्च्यांवर बसवून सांगितलं, आता आपण जंगलात आहोत. आणि तेवढ्यात लाइट गेली. धबधबा बंद, कोकीळ बंद, पंखे बंद. अंधारात पोरी घामाघूम. शेवटच्या रांगेतून प्रणालीचा आवाज आला, म्याडम, निसर्ग कवा येते?

तुम्ही हसलात. मीही हसले. पण घरी गेल्यावर मला झोप लागली नाही. आयुष्यभराचं काम आपण गेल्यावर असं होणार आहे, हे मला त्या दिवशी दिसलं. निसर्ग म्हणजे पडदा, आणि मुलगी म्हणजे खुर्चीवर बसवून ठेवायची वस्तू. चिडले मी. अजून चिडलेलीच आहे. हा हार घातल्यामुळे ते तेवढं दिसत नसेल.

आता साहेबांच्या दोन वाक्यांकडे येते. आधी एक कबूल करते. चहानंतर मी मागच्या बाजूला जाऊन दीक्षाला विचारून आले. म्हटलं, बेटा, मी माफी मागितली तर तुझ्या पट्ट्या मिळतात. मी म्हातारी होत आले, माझं काय जातं, मागते. ती म्हणाली, "म्याडम, तुमी माफी मागसान तर मी खोटी ठरतो. नका मागू." शेजारी जमुनाताई उभ्या होत्या. त्यांनी लेकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि होकाराची मान डोलावली. या मुलीच्या हातात पाच पोरी दिल्या तर ती त्या सांभाळून आणते हे मला माहीत होतं. आज तिने मलाही सांभाळलं.

म्हणून, आदरणीय अध्यक्षसाहेब, आपण मोजून दोन वाक्यं मागितलीत, मी मोजून दोनच देते. पहिलं वाक्य: त्या दिवशी माझ्या मुली हरवल्या नव्हत्या. दुसरं वाक्य: त्यामुळे मला कशाचीही दिलगिरी नाही.

टाळ्या नंतर वाजवा, मुलींनो. आधी पुढचं ऐका. आणि सर, तुम्ही घड्याळ बघू नका, माझं संपतच आलं आहे.

शाळेचा ठराव शाळेला लागू आहे. तो मी मोडणार नाही. सेवेत असेपर्यंत एकही नियम मोडलेला नाही, शेवटच्या दिवशी कशाला मोडू? पण स्काऊट-गाईडच्या संघटनेत एक सोय आहे. शाळेशी न जोडलेली खुली कंपनी, म्हणजे गाईडचं पथक, काढता येते. कोणत्याही शाळेची मुलगी, शाळा सुटलेली मुलगी, कोणीही त्यात येऊ शकते. मी तसा रीतसर अर्ज केला होता, आणि रागिणीताईंनी मंजुरी दिली आहे. त्या आज केवळ शाल द्यायला आलेल्या नाहीत, हे मुद्दाम सांगते. ताई, तुम्ही मघाशी भाषणात यातलं काही बोलला नाहीत, त्याबद्दल तुमचे विशेष आभार. उद्यापासून मी या शाळेची शिक्षिका नाही. उद्यापासून मी त्या कंपनीची कॅप्टन आहे.

चिंतन दिनाच्या आधीच्या रविवारी सकाळी राजकमल चौकातून बस निघेल. परतवाड्याच्या पुढे तोच नाला, तीच वाट. वनखात्याची परवानगी आली आहे. जीप नाक्यावर थांबेल. यंदा आयांनाही आमंत्रण आहे, कारण झाडाचा भरवसा त्यांनाही वाटला पाहिजे. जमुनाताईंनी त्या दिवशीची साप्ताहिक सुट्टी मागून घेतली आहे. मैनाबाईला निरोप गेला आहे. तिने उलट निरोप पाठवला की या, पण बकरी बांधणारीला माझ्या बकऱ्यांपासून दूर ठेवा. साहेब, आपल्यालाही यायचं आग्रहाचं निमंत्रण देते. थट्टा नाही, खरंच या. पळस फुललेला असेल. आपल्यासाठी वेगळी खुर्ची मात्र नसेल.

आणि मागकाढचा खेळ पुन्हा होईल. या वेळी तरोटा संघ सगळ्यात शेवटी चालणार आहे. खुणा शेवटच्या संघाने पुसायच्या, हा नियम तसाच आहे. पण पुसण्याआधी आपल्या मागे कोणी राहिलेलं नाही, हे त्या संघाच्या नायिकेने वळून बघायचं, एवढी भर मी त्यात घातली आहे. त्या दिवसातून आम्ही जे शिकलो ते हे. बाकी काही शिकायचं राहिलं होतं असं मला वाटत नाही.

आता आभार. या शाळेने मला वर्ग दिला, पगार दिला, मैत्रिणी दिल्या, आणि भांडायला माणसं दिली. शिपाईकाकांनी दर वर्षी दोऱ्यांची गाठोडी चढवली आणि उतरवली. स्टाफरूमने माझी बडबड सहन केली. मुख्याध्यापक सरांनी तरोटा हे नाव शेवटी सहीनिशी मान्य केलं. अध्यक्षसाहेबांनी मला माइक दिला आणि अजून हिसकावून घेतला नाही, हा त्यांचा मोठेपणा आहे आणि तो मी कायम लक्षात ठेवीन. आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मी ऋणी आहे.

बोलण्याच्या ओघात एखादा शब्द उणा-अधिक गेला असेल, कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, मधे वऱ्हाडी आली असेल, तर मोठ्या मनाने क्षमा करा. ही क्षमा मी भाषणासाठी मागते आहे. फक्त भाषणासाठी.

आणि सुरुवातीला एक गोष्ट राखून ठेवली होती. दीक्षा, ऊठ बेटा, इकडे ये. मधल्या रस्त्याने ये, कडेकडेने नको. शाळेने घेतलेल्या पट्ट्या शाळेकडे राहू दे, या नव्या आहेत. तुझ्या आईने रात्रपाळी करून आल्यावर शिवल्या आहेत, टाके जरा मोठे आहेत, पण निघायचे नाहीत. हं, नीट उभी राहा.

आता दे. डावा हात.